नऊ सेकंदांवरचा ठराव

आमच्या इमारतीच्या विशेष सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात माझा उल्लेख सात वेळा आला आहे. सेक्रेटरी कुणाचंही नाव लिहीत नाहीत, सदनिकेचा क्रमांक लिहितात, त्यामुळे तिथे मी 'सदनिका अकरा' आहे. सातांपैकी एकाही ठिकाणी सदनिका अकराबद्दल चार बरे शब्द नाहीत. एका ठिकाणी तर 'सदनिका अकरा यांना खाली बसण्यास सांगण्यात आले' असं सरळ लिहिलेलं आहे. मी वजनमाप खात्यात बावीस वर्षं निरीक्षक आहे. मला बघून भलेभले दुकानदार उभे राहतात. अशा माणसाला खाली बसवलं, आणि तेही लेखी.

आणि मी केलं काय होतं? वडिलांचं कौतुक करायला गेलो होतो, एवढंच.

माझे वडील, म्हणजे नाना, एकतीस वर्षं बाईंच्या डाव्या हाताला व्हायोलिन घेऊन बसले. बाई म्हणजे आमच्या आधीच्या दोन पिढ्यांचं गाणं. त्यांच्या गाण्याला नानांनी साथ केली असं लोक म्हणतात, पण साथ म्हणजे काय हे लोकांना माहीत नसतं, म्हणून मी ते समजावून सांगतो. बाई दोन ओळी गायच्या. मग नाना तेच व्हायोलिनवर परत म्हणायचे आणि शेवटी एक लांब सूर धरून तो बाईंच्या हवाली करायचे. तो सूर हातात पडल्याशिवाय बाई पुढची ओळ उचलायच्या नाहीत. असा त्यांचा शिरस्ता होता, आणि एकतीस वर्षांत तो कधी मोडला नाही. हे मी बसमध्ये अनोळखी माणसांनाही समजावून सांगितलेलं आहे.

आमच्या बैठकीत सोफ्याच्या वर नानांचा एक फोटो आहे. व्हायोलिन छातीला टेकलेलं, गज तारेवर ठेवलेला, हनुवटी खाली, डोळे मिटलेले. फोटो बाईंच्या सगळ्यात गाजलेल्या मैफलीतला आहे. त्या मैफलीत, ताल अजून सुरू व्हायचा होता तेव्हा, दोन ओळी गाऊन बाई थांबल्या आणि नऊ सेकंद गप्प राहिल्या. ध्वनिमुद्रणात ती शांतता जशीच्या तशी आहे. त्या नऊ सेकंदांवर लेख लिहिले गेले, गाणं शिकणाऱ्या मुलांना ती ऐकवली जाते, आणि बाईंनी स्वतः एका मुलाखतीत सांगितलं होतं, 'त्या क्षणी मला माझी आई आठवली.' बरोबर त्याच शांततेत एका छायाचित्रकाराने नानांचा हा फोटो टिपला. वर्तमानपत्राने खाली छापलं होतं, 'सुरात हरवलेला साथीदार'. ते कात्रणही मी फ्रेममध्ये बसवून घेतलं आहे.

तर बाईंच्या आयुष्यावर दूरचित्रवाणीवर चित्रपट येणार असं ठरलं. आठ महिन्यांपूर्वी त्यासाठी माहिती गोळा करणारी एक मुलगी आमच्याकडे येऊन गेली. ती तीन तास बसली. नानांनी तिला जेवढ्यास तेवढी उत्तरं दिली. 'हो', 'नाही' आणि 'आठवत नाही', त्यातलं तिसरं जास्त. उरलेलं मी सांगितलं. जाताना तिने भिंतीवरच्या फोटोचा फोटो काढला. एवढा पुरावा मला पुरेसा होता.

"नाना चित्रपटात आहेत," मी जिन्यात सेक्रेटरींना सांगितलं. सेक्रेटरींना जिन्यात काही सांगणं म्हणजे फळ्यावर लिहिण्यासारखंच आहे.

"आधी विचारून तरी घ्यायचं कुणाला," बायको म्हणाली. "आणि नसले तर?"

"फोटो कशाला काढेल ती?"

"फ्रेम आवडली असेल."

दोन दिवसांत एकोणीस जणांनी 'आम्ही तुमच्याकडे बघायला येणार' असं सांगितलं. आमचा टीव्ही बेताचा. त्यात त्याच्या उजव्या कडेला दोन वर्षांपासून एक हिरवी रेघ आहे. मी मोजली आहे, चार मिलिमीटर. एरवी ती दिसतही नाही, पण नाना नेमके उजवीकडे असते तर? बैठकीत एकोणीस माणसं मावली असती, पण मग टीव्ही बाहेर ठेवावा लागला असता. तेव्हा इमारतीचा तळमजल्यावरचा हॉल घ्यायचा असं मी ठरवलं आणि सेक्रेटरींकडे गेलो.

सेक्रेटरी जमिनीच्या नोंदींच्या कार्यालयातून निवृत्त झालेले. निवृत्त ते झाले, कार्यालय त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही.

"करमणुकीसाठी हॉल देता येत नाही," ते म्हणाले. "त्या जादूगाराच्या प्रकारानंतर ठराव झालेला आहे."

जादूगाराचा प्रकार मला माहीत होता. कुणाच्या तरी मुलीच्या वाढदिवसाला जादूगाराने एक ससा गायब केला आणि तो त्यालाही परत सापडला नाही. चार महिन्यांनी वीजमीटरच्या खोलीत तारा कुरतडलेल्या सापडल्या.

"पण हे करमणुकीचं नाही," मी म्हणालो. "हा इतिहास आहे."

"इतिहासाला तरतूद नाही. हॉल फक्त सभेसाठी मिळतो." मग त्यांनी चष्मा काढला आणि आवाज खाली आणला. "सभा घ्या."

"कसली?"

"विशेष सर्वसाधारण सभा. विषय क्रमांक एक, चित्रपटाचे अवलोकन. नोटीस चौदा दिवस आधी लागते, तुमच्याकडे नऊच आहेत. पण एक तृतीयांश सभासदांच्या सह्या आणल्यात तर तातडीची धरता येईल. मात्र सभा म्हटली की गणसंख्या आली, मागचं इतिवृत्त वाचणं आलं आणि शेवटी ठराव आला. ठरावाशिवाय सभा उठत नाही."

मी सह्यांचा कागद घेऊन मजले चढू लागलो. सही करायला माणसाला दोन सेकंद लागतात, पण रिकामी सही आपल्याकडे कुणी देत नाही, सोबत सल्ला देतो. दुसऱ्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर म्हणाले, टीव्ही माझ्या दवाखान्यातला आणा, मोठा आहे, आणि आवाज मीच लावणार, कारण गाण्यातलं इथे फक्त मला कळतं. चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांना सगळे मॅडमच म्हणतात, त्या म्हणाल्या की बाईंची चरित्रं त्यांनी तीनही वाचली आहेत आणि चित्रपटात तारखा चुकल्या तर त्या जागच्या जागी सांगतील. शिवाय जाहिरातींच्या वेळात लिफ्टचा विषय घ्यावा, या अटीवर त्यांनी सही केली. तळमजल्यावरच्या काकूंनी सही करतानाच डोळे पुसले. "बाई गेल्या तेव्हा मी दोन दिवस चूल पेटवली नव्हती हो," त्या म्हणाल्या. अशी अठ्ठावीस सदनिकांची सभा उभी राहिली, आणि तिचा निमंत्रक सदनिका अकरा.

या सगळ्यात एकच माणूस खूश नव्हता. नाना.

चित्रपटाची तारीख जाहीर झाल्यापासून त्यांचं जेवण निम्म्यावर आलं होतं. चहा तर त्यांनी टाकलाच. ब्याऐंशीव्या वर्षी माणूस चहा सोडतो म्हणजे साधी गोष्ट नाही. रोज ते काही तरी आडून विचारत.

"त्या मुलीने आणखी कुणाकुणाला विचारलं रे?"

"पुष्कळांना विचारलं असेल."

"तबलजीला?"

"नाना, ते जाऊन सहा वर्षं झाली."

"हो, ते माहीत आहे. जायच्या आधी कुणाशी काही बोलला असेल का, म्हणून विचारतो."

मी बायकोला म्हणालो, "बघ, जुने सोबती आठवतात त्यांना. आपल्याला चित्रपटात घेतलं नसेल तर काय, ही धाकधूक आहे."

"मला वाटतं, घेतलं असेल तर काय, ही आहे," बायको म्हणाली. तिचं बोलणं मी त्या वेळी मनावर घेतलं नाही, आणि तसं पाहिलं तर ती ज्या ज्या वेळी बरोबर असते त्या त्या वेळी मी घेतलेलं नाही.

शनिवारी नाना म्हणाले, "मी येत नाही खाली. तुम्ही बघा."

"असं कसं? सगळे तुमच्यासाठी येताहेत!"

"माझ्यासाठी कशाला? मी काय केलंय?" त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. माणसाने सगळ्या आयुष्यात एकच गोष्ट केली, आणि ती उद्या अठ्ठावीस सदनिकांसमोर तपासली जाणार, हे मला तेव्हा पहिल्यांदा लख्ख कळलं. मला भीती वाटू लागली. पण नोटीस लागलेली होती.

रविवारी पाच वाजता चित्रपट. साडेतीनला आम्ही डॉक्टरांच्या दवाखान्यातून टीव्ही उचलला. टीव्ही आला, रिमोट दवाखान्यात राहिला, दवाखाना बंद करून किल्ली घेऊन डॉक्टरांच्या मदतनीस घरी गेल्या, आणि त्या रविवारी फोन घेत नाहीत. आता तो टीव्ही प्रतीक्षाकक्षातला. बटण दाबून चित्रपटाची वाहिनी लागली खरी, पण दर पंचवीस मिनिटांनी त्याला आपलं मूळ काम आठवायचं आणि पडद्यावर एक हसरी दाढ यायची. ती हात हलवून म्हणायची, 'दुखेपर्यंत थांबू नका!' मग मी धावत जाऊन बटण दाबायचं. त्या दिवशी मी सहा वेळा धावलो. इतिवृत्तातले पहिले तीन उल्लेख त्याबद्दल आहेत.

पाच वाजले. चित्रपट सुरू झाला आणि सेक्रेटरींनी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला घेतलं. "आवाज बारीक करा," ते म्हणाले, "सभा आधी." बाईंचा जन्म, बालपण आणि वडिलांचा मृत्यू आम्ही गच्चीच्या गळतीच्या पार्श्वभूमीवर, मुक्याने पाहिला. इतिवृत्त कायम झालं तेव्हा बाई सोळा वर्षांच्या होत्या.

मग मतं सुरू झाली.

"ही बाईंसारखी वाटतच नाही. किती काटकुळी!"

"तरुणपणी होत्या तशाच."

"तरुणपणीचा फोटो दाखवा."

"रडते छान," तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या. त्या स्वतः शीर्षकापासून रडत होत्या.

"गळा खोटा आहे," डॉक्टर म्हणाले. "ओठ आधी, सूर नंतर. मी ओठांत तज्ज्ञ आहे."

"पहिला पुरस्कार दोन वर्षं आधी दाखवला," मॅडम वहीत लिहीत म्हणाल्या.

"अहो, गाणं ऐकू द्या!"

"गाणंच तर लावत नाहीत! दोन ओळी झाल्या की धावत येणारा घोडा दाखवतात. बाईंचा आणि घोड्याचा संबंध काय?"

माझं यात लक्ष नव्हतं. मी नानांना शोधत होतो, पडद्यावरही आणि हॉलमध्येही. पडद्यावर बाईंच्या डावीकडे एक कुरळ्या केसांचा देखणा पोरगा व्हायोलिन घेऊन बसलेला दिसला. नानांचे केस आयुष्यात कधी कुरळे नव्हते, पन्नाशीनंतर तर नव्हतेच. तासभर झाला तरी पोरगा एक अक्षर बोलेना. लोक माझ्याकडे वळून बघू लागले. त्या बघण्यात कीव होती. शेवटी मला राहवलं नाही. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "हे ऐतिहासिक दृष्ट्या अपुरं आहे! एकतीस वर्षं सूर कोण देत होतं? यांना एक वाक्य देता येत नाही?" आणि मागून चौघांनी एका सुरात सांगितलं ते इतिवृत्तात आलेलंच आहे.

बसता बसता मी दाराकडे पाहिलं. शेवटच्या रांगेत, दाराला लागून, नाना बसले होते. बायको त्यांना हळूच खाली घेऊन आली होती. ते पडद्याकडे बघत नव्हते, स्वतःच्या हातांकडे बघत होते.

आणि ती मैफल आली.

पडद्यावरच्या बाईंनी दोन ओळी गायल्या आणि त्या थांबल्या. मॅडमनी वहीवरचं पेन उचललं. सगळ्यांना ही जागा माहीत होती. नाना खुर्चीच्या कडेवर आले. त्यांनी खुर्चीचा दांडा इतका घट्ट धरला होता की मला लांबूनही त्यांची बोटं पांढरी दिसत होती. बाईंचे डोळे भरले. मग आई आली. आई धान्य निवडते, आई वेणी घालते, आई खाटेवर आजारी, आई जाते, पोरकी मुलगी अंगणात उभी, परत घोडा. सवयीने मी घड्याळ लावलं होतं. नऊ सेकंदांची शांतता चित्रपटाने दोन मिनिटं अकरा सेकंद चालवली. मोजमापाची एवढी तफावत मी पेट्रोलपंपावरही पाहिलेली नाही. कुरळा पोरगा डोळे सताड उघडे ठेवून बाईंकडे बघत बसला होता. मग त्याने गज फिरवला, बाई गायल्या, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला, पडद्यावर आणि अर्ध्या हॉलमध्येही.

मागून एक लांब श्वास ऐकू आला. नाना खुर्चीला टेकले होते. ते बायकोला म्हणाले, "सूनबाई, चहा मिळेल का गं?"

चित्रपट संपला, पण सभा कुठे संपते? सेक्रेटरींनी लेखणी काढली. "ठराव. चित्रपट चांगला आहे, असे या सभेचे मत आहे. सूचक?"

तिथून जो गदारोळ सुरू झाला, तो सगळा त्या शांततेवरच आला. डॉक्टर म्हणाले, चित्रपट टाकाऊ, पण शांतता भव्य. काकू म्हणाल्या, शांतता होती म्हणून तर सगळ्याचं सार्थक झालं. कुणी म्हणालं, लांबवली फार. आणि मग मॅडम उभ्या राहिल्या.

"एक मुद्दा," त्या म्हणाल्या. "ही मैफल झाली तेव्हा बाईंची आई जिवंत होती. पुढे अकरा वर्षं होती. तिन्ही चरित्रांत तारीख आहे. एका चरित्रात तर असं आहे की त्या मैफलीला ती स्वतः पहिल्या रांगेत बसली होती. समोर बसलेली आई आठवायची कशी?"

सेक्रेटरींची लेखणी थांबली.

"नाना इथे आहेत," मॅडम म्हणाल्या. "ते तिथे होते. नाना, त्या नऊ सेकंदांत खरं काय झालं?"

अठ्ठावीस सदनिका वळल्या. नानांनी हातातला कप बशीत ठेवला. त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, झालं, यांना आता काही तरी होतं. आणि हे सगळं मी उभं केलं होतं, सह्या गोळा करून. मी पुन्हा उठणार होतो, खाली बसवलं तरी बेहत्तर. पण नाना आपणच उठले. हळूहळू, दांड्याला धरून.

"मॅडम," ते म्हणाले, "माणूस समोर बसलेला असला तरी आठवतो कधी कधी."

मॅडमनी चष्मा काढून पदराने पुसला आणि वहीतला मुद्दा खोडला. मॅडमनी काही खोडलेलं इमारतीत कुणी पाहिलेलं नव्हतं. काकूंनी आधी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. ठराव तेरा विरुद्ध नऊ असा फेटाळला गेला, म्हणजे चित्रपट चांगला नाही असं ठरलं, पण शांततेपुरता तो चांगला आहे अशी दुरुस्ती एकमताने मंजूर झाली. अनुमोदक म्हणून सेक्रेटरींनी सदनिका अकराची सही घेतली. लिफ्टचा विषय वेळेअभावी तहकूब झाला.

वर आल्यावर नाना पोटभर जेवले. दोनदा वाढून घेतलं. महिन्याभरात त्यांना असं जेवताना पाहिलं नव्हतं. मग ते सोफ्यावर बसले, फोटोच्या बरोबर खाली, आणि म्हणाले, "सुटलो बाबा."

"कशातून?"

त्यांनी बोट वर फोटोकडे नेलं. "मी झोपलो होतो."

मला आधी कळेच ना.

"त्यात न कळण्यासारखं काय आहे? दोन ओळी झाल्या, मी व्हायोलिनवर म्हणायचं, सूर धरायचा. गज ठेवला तारेवर आणि डोळा लागला. सूर येईना, तर बाई पुढे जातील कशा? बसल्या थांबून. नऊ सेकंदांनी खोकल्या हळूच. मी दचकून गज ओढला. ध्वनिमुद्रणात खोकला आहे, नीट ऐक. त्याला कुणी तरी हुंदका म्हटलंय."

"आणि आई?"

"दुसऱ्या दिवशी पत्रकाराने विचारलं, तर काय सांगतील? साथीदार घोरत होता? मला सांभाळायला म्हणाल्या ते. मग त्याचंच एवढं झालं. तबलजीने पाहिलं होतं. त्याने तोंड उघडलं नाही कधी, जन्मभर मला नुसता डोळा मारला. चव्वेचाळीस वर्षं मी हा फोटो भिंतीवर बघतोय. तू कात्रणही लावलंस."

मी फोटोकडे पाहिलं. मिटलेले डोळे, हनुवटी खाली, तोंड जरासं उघडं. बावीस वर्षं लोकांचे तराजू तपासले आणि हे मला दिसलं नाही.

"पण झोपलात कसे? एवढी मोठी मैफल!"

"तीन रात्री डोळ्याला डोळा नव्हता. तुझी आई बाळंतपणातून उठली नव्हती, आणि पोरगं पोट दुखून रात्र रात्र रडायचं. खांद्यावर घेऊन फेऱ्या घालायचो."

चव्वेचाळीस वर्षांपूर्वी कुठलं पोरगं, याचा हिशेब करायला मला वेळ लागला नाही. मी चव्वेचाळीस वर्षांचाच आहे.

"बाई रागावल्या नाहीत?"

"नाही. त्या विषयावर एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त पुढच्या कार्यक्रमाला पडदा वर जायच्या आधी माझ्याकडे वाकून विचारलं, 'बाळ झोपतं का आता?' त्यानंतर कितीतरी कार्यक्रम, दर वेळी, पडदा जायच्या आधी. तू शाळेत जायला लागलास तरी विचारायच्या."

मला एकदम भरून आलं. ज्या घराण्याचा चित्रपटात उल्लेख नाही म्हणून मी उभा राहिलो होतो, त्या घराण्याचा बाईंच्या गाण्यातला वाटा नऊ सेकंदांचा होता, आणि त्यातला माझा मोठा होता. आणि हे मी कुणालाही, जिन्यातसुद्धा, सांगू शकणार नव्हतो.

"मग तुम्ही काय सांगायचात त्यांना?" मी विचारलं.

नाना सोफ्यावर बसल्या बसल्या झोपले होते. हनुवटी खाली, डोळे मिटलेले, तोंड जरासं उघडं. वरच्या फोटोत आणि खालच्या माणसात केसांचा तेवढा फरक. बायको दारात येऊन उभी राहिली होती. तिनेही दोघांकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

दिवसभर ओरडून माझा घसा खवखवत होता. मी खोकला गिळला आणि पाऊल न वाजवता बाहेर आलो.